आतून लावलेलं दार

१

लॉरी गावात शिरली की घनश्यामचं काम सुरू व्हायचं. आधी जागा झाडून घ्यायची, मग भिंतीला ओल कुठे आहे ते तळहाताने चाचपायचं, मग सुतळ्या सोडून बावीस चित्रं एकेक करत गोणपाटातून बाहेर काढायची. खिळे ठोकायचे, तारा ओढायच्या, चार पावलं मागे जाऊन चित्र वाकडं तर नाही ना ते बघायचं.

नागपूरच्या पाच चित्रकारांनी मागच्या हिवाळ्यात वर्धा नदीपलीकडच्या जळालेल्या गावांत महिनाभर मुक्काम करून ही चित्रं काढली होती. १९५४च्या जानेवारीत प्रदर्शन चांदा जिल्ह्यात फिरायला निघालं, तेव्हा सोबत माणसं दोनच. राखणदार घनश्याम आणि लॉरी चालवणारा इतवारी.

चित्रं नव्या वळणाची होती. माणसांना डोळे नव्हते, झाडं तांबडी होती. बघायला येणारे पहिल्याच चित्रापाशी अडायचे.

"हा बैल निळा काऊन?"

"काढणाऱ्याले तसा दिसला," घनश्याम सांगायचा. हे उत्तर त्याने स्वतःच शोधलं होतं आणि ते सगळ्यांना पटायचं.

चौदावं चित्र वझलवार मास्तरांचं. चित्रशाळेतले शिक्षक ते, आणि या सगळ्या खटाटोपाचे प्रमुखही. चित्रात काळवंडलेल्या मातीची भिंत होती आणि तिच्यात दोन फळ्यांचं बंद दार. छापील यादीत मात्र त्याचं नाव ‘रिकामी चौकट’ असं होतं. घनश्यामला हे पहिल्याच दिवशी खटकलं, पण ‘वारा’ नावाच्या चित्रात नुसती तीन मडकी होती. चित्रकारांच्या नावांचा अर्थ लावत बसलं तर खिळे कोण ठोकणार, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

ब्रह्मपुरीच्या मुक्कामात दुसऱ्या दिवशी देवकाबाई नावाची एक म्हातारी आली. बाजारात पोहे विकायची, टोपली डोक्यावर तशीच होती. तिने बाकी चित्रांवरून डोळे फिरवले, चौदाव्यापाशी आली, टोपली खाली ठेवली आणि वाकून चित्राला कान लावला.

"बाई, हात लावू नोका," घनश्याम स्टुलावरून म्हणाला.

"हात कुठी लावला? कान लावला."

"काय आयकून राह्यल्या?"

म्हातारी थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "आत हायेत वाटते कोणी," ती म्हणाली. शेजारणीकडे विरजण मागायला जावं आणि दार लावलेलं दिसावं, तशा सुरात. "असू दे. झोपले असतीन."

टोपली उचलून ती गेली. घनश्याम हसला. संध्याकाळी इतवारीला सांगितलं, तोही हसला.

२

घनश्याम मूळचा वर्धेच्या काठचा ढिवर. घरात पिढ्यान्‌पिढ्या डोंग्याचा, लहान होडीचा, धंदा चालत आलेला. नदीच्या या तीरावर त्याचं गाव, समोरच्या तीरावर निजामाचा मुलूख. पण नदी काही मुलूख ओळखत नाही. मासळी दोन्हीकडे विकायची, सोयरिकी दोन्हीकडे व्हायच्या. त्याची धाकटी बहीण गोकुळा पलीकडे, कोरपन्याच्या अंगाला, पिपरडोह नावाच्या लहानशा गावात दिली होती. नवरा शांत माणूस होता. दोन लेकरं होती.

अठ्ठेचाळीस सालच्या पावसाळ्यात पलीकडे गडबड झाली. निजामी अंमलाचे ते शेवटचे दिवस. कोणी म्हणे बाहेरून टोळी आली, कोणी म्हणे शेजारच्याच गावांनी आपापले हिशेब चुकते केले. पिपरडोह एका दुपारी जळालं. किती गेले याची कधी नीट मोजदाद झाली नाही. जे पळाले ते परत आले, जे परत आले नाहीत ते मेले असं सगळे धरून चालले. गोकुळाच्या घरचं कोणी परत आलं नाही.

घनश्याम तिकडे गेला तो तीन आठवड्यांनी. राखेवर पाऊस पडून चिखल झाला होता. सगळ्या भिंती सारख्याच काळ्या, सगळी छपरं सारखीच खाली बसलेली. तो गावाच्या तोंडाशी उभा राहिला आणि परत फिरला. तिचं घर त्याने जवळून पाहिलंच नाही.

चार वर्षांनी घनश्यामच्या गावच्या घाटावर वझलवार मास्तर आणि त्यांचे सोबती रंगांच्या पेट्या घेऊन आले. त्यांना पलीकडे घनश्यामनेच उतरवलं, महिन्याने परत त्यानेच आणलं. अबोल, निर्व्यसनी, सातवी शिकलेला माणूस, मास्तरांना आवडला. प्रदर्शनासोबत येतोस का, म्हणून त्यांनी विचारलं. घनश्याम एका शब्दात हो म्हणाला. का म्हणाला, हे मास्तरांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

३

ब्रह्मपुरीहून गडचिरोली. वैनगंगेच्या पात्रात हिवाळ्यापुरता टाकलेला कच्चा रस्ता होता, त्यावरून लॉरी डुलत डुलत पार झाली. मुक्काम एका शाळेच्या लांबट खोलीत.

तिथे बाबुलाल म्हणून भातगिरणीवरचा मुकादम आला. करडा, कामापुरतं बोलणारा माणूस. चौदाव्यापाशी आला, इकडेतिकडे पाहिलं आणि चित्राला कान लावला. देवकाबाईला हा ओळखत असण्याचं काहीच कारण नव्हतं.

"काय हाये तिथी?" घनश्यामने विचारलं.

"धान कांडून राह्यले," बाबुलाल म्हणाला. "एकच मुसळ हाये. दमली बाई."

तो गेल्यावर घनश्याम उठला. त्या भिंतीमागे शाळेची सामानाची खोली होती. चपराशाकडून किल्ली मागून त्याने ती उघडली. आत मोडकी बाकं, फाटका नकाशा आणि धूळ. धुळीवर कोणाचं पाऊल नव्हतं. शाळेच्या मागे मोकळं मैदान. कांडण कुठेच नव्हतं. मग त्याने विचार केला, ताणलेलं कापड आहे, मागून पोकळ आहे. ढोलकीसारखं असणार. दूरचा आवाजही धरत असेल. खात्रीसाठी त्याने सहाव्या चित्राला कान लावला, मग अकराव्याला, मग विसाव्याला. काही ऐकू आलं नाही. कापडाचा वास तेवढा आला.

चौदाव्याला मात्र त्याने कान लावला नाही. दिवा पुसायचा राहिला होता, तो पुसायला बसला. मग पाणी आणायला गेला. दिवसभर असं काही ना काही निघत राहिलं.

रविवारी वझलवार मास्तर सकाळच्या मोटारीने नागपूरहून आले. प्रत्येक चित्रासमोर थांबत, कुठे तार वर घ्यायला सांगत, चौदाव्यापाशी पोचले आणि तिथेच राहिले. बराच वेळ झाला तसा घनश्याम जवळ गेला.

"हे कोणी केलं?" मास्तरांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"काय सर?"

"दार."

घनश्यामला कळेना. मास्तर म्हणाले, "मी नुसती चौकट काढली होती. फळ्या जळून गेल्या होत्या, असणार कुठून? चौकटीतून मागची पडकी भिंत दिसत होती आणि तिच्यावर आभाळ. भर दुपारचं, पांढरं आभाळ. तेच तर काढायचं होतं मला."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चित्राच्या अगदी जवळ डोळे नेले. नखाने कडेचा रंग खरवडला. रंग जुना होता, सगळ्या चित्राइतकाच वाळलेला. फटकारेही त्यांचेच होते. डावीकडून ओढलेले, शेवटी किंचित उचललेले. मास्तर मागे झाले.

"मीच केलं असेल," ते म्हणाले. "तिथे असताना बरा नव्हतो मी. ताप होता. हात तर माझाच आहे."

"कोणत्या गावचं घर हाये हे, सर?"

"पिपरडोह म्हणून गाव. नदीकडून तिसरं घर. अंगणात निंबाचं जळकं खोड होतं."

नदीकडून तिसरं. त्या निंबाला घनश्यामने स्वतः भाचीसाठी झोका बांधला होता.

मास्तर अजून दाराकडेच बघत होते. "बाहेरून कडी नाही, कोयंडा नाही," ते हळू म्हणाले. "म्हणजे आतून लावलंय." मग एकदम, "उतरव ते." घनश्याम तारेला हात घालणार तोच म्हणाले, "नको. राहू दे." जेवायला न थांबता ते दुपारच्या मोटारीने परत गेले.

४

चामोर्शीला धानाच्या एका रिकाम्या गोदामात जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता, त्यामुळे सकाळपासून माणसांची रीघ लागली. डोंगरातल्या गावांतून मोहफुलं आणि डिंक घेऊन आलेले, खेड्यापाड्यांतून भाजी घेऊन आलेले, सगळे येताजाता डोकावत होते.

दहाच्या सुमाराला जंगलातल्या गावचा झिंगू नावाचा वयस्क गोंड आला. त्याने आधी सगळी चित्रं पाहिली. मग चौदाव्यासमोर येऊन खांद्यावरची कुऱ्हाड भिंतीशी टेकवली आणि चित्राकडे पाठ करून खाली बसला. कोणाच्या घरी जावं, घरचे आत असावेत आणि आपण ओट्यावर वाट बघत बसावं, तसा.

"भाऊ, असे काऊन बसले?" घनश्यामने विचारलं.

"घरची माणसं भितात," झिंगू मोडक्या मराठीत म्हणाला. "माणूस दारात तोंड करून उभा राह्यला तर भितात. पाठ करून बसावं."

दुपारपर्यंत तिथे रांग लागली. कोणी कोणाला काही सांगितलेलं घनश्यामने ऐकलं नव्हतं, तरी लोक आपसूक एकामागे एक उभे राहत होते. गलबला नव्हता. एक माणूस पुढे व्हायचा, वाकायचा, कान लावायचा, ओठ किंचित हलवायचा आणि बाजूला होऊन निघून जायचा. बायकांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला होता. बाजाराचा सगळा कालवा दाराबाहेर होता आणि आत अनवाणी पायांची सरसर तेवढी.

मातीचे चुले विकणारी कलाबाई रांगेतून बाहेर आली तेव्हा घनश्यामने तिला अडवलं. "बाई, खरं सांगा. काय आयकू येते?"

"विचारून राह्यली ना ती. बाहेर कोण हाये म्हणून."

"कोण ती?"

"मले काय माहीत. बाई हाये. दबक्या आवाजात बोलते."

"मग तुम्ही काय म्हटलं?"

"नाव सांगतलं माझं. विचारल्यावर सांगा लागते." कलाबाईने चुल्याची पाटी डोक्यावर घेतली. "तर म्हणे, तू नोहोस. सगळ्यायले तेच म्हणते म्हणतात. कोण्या एकाची वाट पाहून राह्यली असन."

घनश्याम स्टुलावर जाऊन बसला. त्याला दरदरून घाम आला होता, आणि महिना माघाचा होता.

अठ्ठेचाळीस साली गोकुळा पोळ्याला माहेरी आली होती. पलीकडे वातावरण बिघडत चाललंय हे तेव्हाच कानावर होतं. परत जाताना घाटावर त्यानेच तिला सांगितलं होतं. काही झालं तर लेकरांना घेऊन घरात शिर, दार लावून घे आणि माझा आवाज आल्याशिवाय कोणी काही म्हटलं तरी उघडू नको. मी डोंगा घेऊन येतो. ती बरं म्हणाली होती. त्याचं तिने कधी मोडलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी नदीपलीकडे धूर दिसला. नदी दुथडी भरून चालली होती, हे खरं. पाण्यातून झाडं वाहत होती, हेही खरं. त्या दिवशी कोणीच डोंगा घातला नसता. गावातले सगळे अजूनही तसंच सांगत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी हातभर उतरलं होतं. घनश्याम एकटाच काठावर गेला होता, पाणी मोजायच्या खुंटीवर त्याने पाहिलं होतं, वल्हं हातात घेतलं होतं. पलीकडच्या काठावर तेव्हा काही माणसं फिरत होती. कोण होती ते इतक्या लांबून कळत नव्हतं. त्याने वल्हं खाली ठेवलं आणि घरी आला. हे त्याच्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

५

उन्हं कलली. बाजार उठायला लागला. झिंगू कुऱ्हाड घेऊन वाटेला लागला होता, रांगही विरून गेली होती. इतवारी चहाच्या दुकानावर बसला होता. गोदामात घनश्याम एकटा उरला. पश्चिमेच्या झरोक्यातून पिवळं ऊन तिरपं येऊन चौदाव्या चित्राच्या खालच्या कडेला टेकलं होतं.

त्याने स्वतःला समजावलं. गर्दीत एकाने केलं की दुसरा करतो. एकीने कुजबूज ऐकली, तिने दुसरीला सांगितली. आपण कान लावू, काही नसेल आणि मग सुखाने सामान बांधू.

त्याने कान लावला.

आधी काही नव्हतं. मग कोंड्यावर पाय सरकल्यासारखा आवाज आला. मग श्वास. एकाचा नव्हे, कोंदट खोलीत खूप माणसं दाटीने उभी असली की होतो तसा, वर-खाली होणारा श्वास. एक लेकरू काहीतरी पुटपुटलं आणि कोणीतरी त्याला चूप केलं. घनश्यामच्या कानाला कापड कोमट लागत होतं.

"बाहेर कोण हाये?"

सहा वर्षांनी ऐकला तरी आवाज चुकण्यासारखा नव्हता.

"मी," तो म्हणाला. "मी, घनश्याम."

आतलं सगळं थांबलं. श्वासही थांबला. मग आवाज अगदी जवळून आला. मध्ये फळीची जाडी तेवढी.

"भाऊ, गेले का ते?"

घनश्यामने कान काढला आणि चित्राकडे पाहिलं. दोन फळ्यांच्या मध्ये गव्हाच्या काडीएवढी फट होती. सकाळी नव्हती. फटीत अंधार असायला हवा होता, पण आत लख्ख दुपार होती. पडकी भिंत होती आणि तिच्यावर पांढरं आभाळ. आणि खाली, उंबऱ्याच्या आत, पाय होते. घोट्यापर्यंतच दिसत होते. मोठे, लहान, एकमेकांना चिकटून, मोजता येणार नाहीत इतके. सगळ्यांची बोटं दाराकडे होती. काही पाय पायांसारखे राहिले नव्हते.

एक शब्द बोलला असता तर दार उघडलं असतं. गेले, एवढं म्हणायचं होतं. ती लगेच दाराचा आडणा काढणार होती. तो मान वळवून बाहेर बघू लागला. बाजारातून लोक घरी चालले होते. बैलगाड्या, टोपल्या, खांद्यावरची पोरं. गाव जाळणारे ते जे कोणी होते, ते कुठे गेले हे कोणाला ठाऊक होतं? कोणाचं नाव कधी निघालं नाही. तेही अशाच कुठल्या बाजारातून मीठ घेऊन घरी जात असतील. हा विचार खरा होता. पण त्याच्या मागे दुसरा एक होता आणि तो जास्त खरा होता. ते पाय उंबरा ओलांडून इकडे यायला नको होते.

"नाई," घनश्याम म्हणाला. "अजून नाई गेले. उघडू नोको."

"बरं भाऊ," ती म्हणाली.

फट मिटली. आतून आडणा घातल्याचा लाकडी आवाज आला. गोदामाच्या दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या इतवारीनेही तो ऐकला, कारण त्याने विचारलं, "काय पडलं?"

६

तिथून पुढचा मुक्काम अहेरीचा. वाटभर जंगल. लॉरीच्या मागच्या भागात चित्रांसोबत बसायचं घनश्यामचं नेहमीचं ठिकाण, पण त्या दिवशी तो इतवारीशेजारी पुढे येऊन बसला. इतवारीने चार गोष्टी काढल्या, त्याने एकाही गोष्टीला नीट उत्तर दिलं नाही.

"त्या चित्राले म्हटलं तरी काय तू?" शेवटी इतवारीने विचारलं.

"कोणाले?"

"मी काय बहिरा हावो?"

मग घनश्यामने सगळं सांगितलं. घाटावरचं, हातभर उतरलेल्या पाण्याचं, चामोर्शीचं. एका नाल्यापाशी गाडी थांबवून इतवारीने यंत्रात पाणी घातलं, हात पुसले आणि म्हणाला, "दोनदा झालं मग. आता तिसऱ्यांदा तरी जाय. जे बाहेर येईन ते तुझंच हाये."

अहेरीला चित्रं एका धर्मशाळेच्या पडवीत लावली. सकाळ होती, लोक यायला अवकाश होता. इतवारी पडवीच्या पायरीवर बसून राहिला. जा म्हटलं तरी गेला नाही. घनश्यामने अंघोळ केली होती, धुतलेला सदरा घातला होता. पाहुण्याच्या दारात जावं तसा तो चौदाव्यासमोर गेला. रात्रभर झोप नव्हती, तरी भीती आता उरली नव्हती. ते पाय डोळ्यांसमोर आले तरी त्यांतले दोन लहान जोड कोणाचे, हे त्याला आता कळत होतं.

तो वाकला. "गोकुळा," म्हणाला. "मी घनश्याम. गेले ते सगळे. डोंगा आणला मी. उघड, बाई."

आत श्वास होते. कोंड्यावर पाय सरकले, पण या खेपेला ते दारापासून मागे मागे गेले. घनश्याम वाट बघत राहिला. त्याने पुन्हा आपलं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, घाटाचं नाव सांगितलं.

मग आतून तिचा आवाज आला. त्याच्यासाठी नव्हता तो. दबका, लेकरांच्या कानाशी बोलल्यासारखा.

"चूप राहा रे. तेच हायेत. भाऊचा आवाज काढून राह्यले."